रेट्रो आयलायनर दोन्ही डोळ्यांना सारखं येण्यासाठी

लग्नातल्या रेट्रो थीमच्या संगीत कार्यक्रमाला शर्मिला टागोर, मुमताज यांच्यासारखं १९६० च्या दशकातलं लांब शेपटीचं आयलायनर लावायला घेतलं की एक डोळा जमतो आणि दुसरा वर-खाली होतो. मग सारखं करता करता रेघ जाडच होत जाते. औषधांच्या दुकानातली मायक्रोपोर टेप (मलमपट्टीसाठीची कागदी चिकटपट्टी) यावर स्वस्तात काम करते.

१. टेपचे दोन छोटे तुकडे कापा. आधी मनगटावर एकदोनदा चिकटवून काढा, म्हणजे गोंद कमी होतो.

२. आरशात सरळ बघत, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या वरच्या टोकाच्या दिशेने टेप लावा. रेघ ओढण्याआधी दोन्ही बाजूंचा तिरकेपणा जुळवून घ्या. खरं काम एवढंच आहे.

३. टेपच्या वरच्या कडेला धरून शेपटी काढा आणि ती वरच्या पापणीच्या रेघेला जोडा. जेल लायनर आणि बारीक ब्रश वापरा, पातळ लायनर टेपखाली झिरपतं.

४. पूर्ण वाळल्यावर टेप हळूच सोडवा.

भुवईकडे उचललेली शेपटी आजच्या फॅशनची वाटते, म्हणून ती थोडी आडवीच हवी. पापणीवरची रेघ मात्र ठसठशीत काढा, काजळ बेताचं. ओठांना फिका गुलाबी पुरे. गडद लाल लावला तर सगळा थाट १९५० च्या दशकाकडे झुकतो.

नुकतंच थ्रेडिंग किंवा ब्लीच केलं असेल तर त्या जागी टेप लावू नका, कातडी सोलवटते.