राउटर घेताना वॅट विचारू नका, उलटा करून बघा

सुतारकामाचा राउटर, म्हणजे फिरत्या बिटानं (पात्यानं) लाकडात खाचा पाडणारं आणि कडा घडवणारं मशीन, घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचा घेऊ?" दुकानदारही तोच आकडा आधी सांगतो, कारण खोक्यावर तोच सगळ्यात मोठा छापलेला असतो. पण एकच मशीन हातातही वापरायचं आणि टेबलाखाली उलटं टांगूनही (बिट भोकातून वर, लाकूड टेबलावरून सरकवायचं) वापरायचं असेल, तर वॅट शेवटी बघायचे. आधी कॉलेट, म्हणजे बिट धरणारा भाग, बघा, मग मशीन उलटं करून बघा. मी हे नेमकं उलट्या क्रमानं केलं आणि पहिला राउटर दीड वर्षात निम्म्या किमतीला विकला.

आधी काम ठरवा

सनमायकाची कड तासायची, फळीची कड गोल करायची, बिजागरीची खाच घ्यायची, एवढंच काम असेल तर चांगला ट्रिमर (एका हातात मावणारा छोटा राउटर) घ्या आणि पुढचं वाचू नका. टेबल लागतं ते काम मशीनपेक्षा लहान असेल तेव्हा: फोटोफ्रेमच्या पट्ट्या, देवघराची बारीक मोल्डिंग, शिकंजात धरता न येणारे तुकडे. किंवा बिट इतकं मोठं असेल की हातात धरणं वेडेपणा ठरावा, जसं दाराच्या पॅनेलचं.

कॉलेट: खिशात व्हर्नियर घेऊन जा

कॉलेट म्हणजे बिटाचा दांडा आवळून धरणारी, चिरा पाडलेली पोलादी नळी. आपले सुतार मापं सुतात बोलतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी. बाजारात ६ मिमी दांड्याचे बिटही भरपूर आहेत आणि काउंटरवर दोन्हीला सर्रास "सहाचं" म्हणतात. चार सुतींचंही तसंच, १२ मिमी वेगळं आणि १२.७ मिमी वेगळं. ०.३५ मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण २५,००० आरपीएमला (मिनिटाला २५,००० फेरे) चांगला कळतो. मी एकदा सहाचं बिट पाव इंची कॉलेटमध्ये आवळलं. पाना घट्ट लागला, मला वाटलं झालं. सागवानाच्या फळीत ६ मिमी खोल खाच सुरू केली होती, दुसऱ्या टोकाला ती ११ मिमी भरली. बिट कापता कापता हळूहळू बाहेर सरकत गेलं होतं. नशीब, पूर्ण निसटलं नाही.

तेव्हा मशीनसोबत नेमकी कोणती कॉलेट येतात ते खोलून, मोजून बघा. टेबलासाठी अर्धा इंची हवंच, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. दांड्याची जाडी दुप्पट झाली की ताठपणा सोळापट होतो, आणि लांब बिटाचा थरथराट तिथेच थांबतो. अर्धा इंची कॉलेटमध्ये पाव इंची बिट बसवायला नळीसारखी स्लीव्ह देतात. कधीमधी चालते. रोजच्या कामाला पाव इंची स्वतंत्र कॉलेट मागा, कारण स्लीव्हमुळे बिट थोडं तरी डुगडुगतंच.

बिट पूर्ण आत ढकलून मग दोन-तीन मिमी बाहेर ओढून आवळायचं. तळाला टेकवून आवळलं तर कॉलेट नीट मिटत नाही.

उलटा करून बघा

मी जिथे अडकलो ती ही जागा. दुकानात बहुतेकांना हे तपासायचं सुचतच नाही, म्हणून सावकाश लिहितो.

आपल्याकडे मिळणारे बहुतेक मोठे राउटर प्लंज प्रकारचे असतात. दोन खांबांवर मोटर खालीवर होते, आत स्प्रिंग असते. हातात धरल्यावर ही स्प्रिंग तुमची मैत्रीण असते. दाबलं की बिट लाकडात जातं, सोडलं की मोटर वर उचलली जाऊन बिट बाहेर. तेच मशीन टेबलाखाली उलटं लावलं की स्प्रिंग मोटरला खाली ढकलते आणि मशीनचं वजनही खालीच ओढतं. तुम्हाला बिट वर आणायचं असतं. म्हणजे पाच-सहा किलोची मोटर स्प्रिंगच्या विरुद्ध एका हातानं वर रेटायची, दुसऱ्या हातानं लॉक आवळायचा, आणि हे सगळं गुडघ्यावर बसून, मान टेबलाखाली घालून.

पहिल्या राउटरवर मी हे आठ महिने केलं. अर्धा मिमी वर हवं असायचं, दोन मिमी जायचं. खाली आणलं की तीन मिमी यायचं. जमलंच तर लॉक फिरवताना पुन्हा थोडं सरकायचं. शेवटी मोटरखाली गाडीचा जॅक ठेवला. जॅकनं काम चालतं, खोटं सांगणार नाही. पण थरथरीनं जॅक हळूहळू सरकतो आणि बिट खाली येतं, हे तुम्हाला चौथी पट्टी तिसरीला जुळत नाही तेव्हा कळतं.

मग कुणीतरी सल्ला दिला, स्प्रिंग काढून टाक. हा सल्ला अर्धाच खरा आहे. मशीन कायम टेबलातच राहणार असेल तर स्प्रिंग काढा, बिनधास्त. पण तेच मशीन हातातही वापरणार असाल तर प्लंजसाठी ते गेलंच. स्प्रिंगशिवाय लॉक सोडला तर मोटर वर उठत नाही आणि फिरतं बिट लाकडातच राहतं. दर वेळी स्प्रिंग काढू-घालू असं ठरवणाऱ्यांनी ती आठ दिवसांनी बाकड्याखाली शोधलेली मी पाहिली आहे. मीही त्यात होतो.

म्हणून दुकानात असं करा. प्लग काढलेला. कॉलेटमध्ये बिट किंवा सरळ पोलादी सळई आवळा, मशीन काउंटरच्या कडेला तळपाटी वर करून धरायला लावा. आता बिट वर आणून बघा. फिरवायचा स्क्रू आहे का? तो एका हातानं फिरतो का? दोन फेरे वर फिरवा आणि अर्धा फेरा उलटा. उलट फिरवताना बिट लगेच हलायला हवं. स्क्रू फिरतोय आणि बिट जागेवरच, तर मध्ये ढिलाई आहे, आणि ती ढिलाई आयुष्यभर तुमच्या प्रत्येक मापात घुसणार. मग सळईची तळपाटीपासूनची उंची व्हर्नियरनं मोजा, लॉक आवळा, परत मोजा. फरक दिसला तर मशीन खाली ठेवा आणि चहा घेऊन घरी या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर एका दुकानदारानं मला हे करू दिलं नाही. शेजारच्यानं करू दिलं, मशीन त्याच्याकडून घेतलं.

आणखी एक. मोटर पूर्ण वर आणल्यावर कॉलेटचा नट तळपाटीच्या वर येतो का? येत असेल तर बिट टेबलावरूनच बदलता येतं. नट आतच राहिला तर प्रत्येक बिटाला अख्खं मशीन बाहेर काढावं लागतं, आणि पंधरा दिवसांत तुम्ही बिट बदलायचा कंटाळा करून चुकीचंच बिट वापरायला लागता. कॉलेटला जोड लावून दांडा लांबवायची युक्ती ऐकाल. मी ती वापरत नाही. मोटरच्या बेअरिंगपासून बिट जितकं लांब जाईल तितकं ते हलतं.

ट्रायटनच्या टीआरए००१ मध्ये प्लंजची स्प्रिंग काढायची सोय मुद्दाम दिलेली आहे, आणि मोटर पूर्ण वर आणली की शाफ्ट आपोआप लॉक होतो, म्हणून एकाच पान्यानं वरून बिट बदलता येतं. बॉशच्या जीएमएफ १६०० सीईला दोन वेगळे बेस (मोटर बसवायचे तळ) येतात, एक प्लंज आणि एक स्थिर. स्थिर बेस टेबलात कायम पडू द्यायचा, हाताचं काम निघालं की मोटर काढून प्लंज बेसमध्ये घालायची. एकाच मशीनवर भागवायचं असेल तर दोन बेसचा रस्ता मला सगळ्यात सरळ वाटतो.

वेग आणि आता वॅट

वेग कमी-जास्त करता येत नसेल तर ते मशीन टेबलासाठी घेऊ नका. २२,००० आरपीएमला १२ मिमीच्या बिटाची धार सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. त्याच वेगाला ७५ मिमीचं पॅनेल बिट लावलं तर धार सेकंदाला ८६ मीटर, म्हणजे ताशी ३०० किमीच्या वर. मोठ्या बिटाला १०-१२ हजारांपर्यंत उतरता आलंच पाहिजे. आणि तळपाटीच्या भोकातून ते बिट मुळात जातं का, हे विकत घेतल्यावर मोजू नका.

वॅटचं म्हणाल तर १,२०० ते १,६०० मध्ये बहुतेक कामं होतात, एका वेळी तीन मिमीपेक्षा जास्त काढायचा हावरटपणा केला नाही तर. पॅनेलची दारं करायची असतील तर २,००० च्या आसपास जा. पण २,००० वॅटचं मशीन २३० व्होल्टला पूर्ण भारावर पावणेनऊ अँपिअर ओढतं. भिंतीवरचं ६ अँपिअरचं छोटं सॉकेट त्यासाठी नाही. १६ चं सॉकेट आणि जाड वायर आधी करून घ्या. एवढ्या ताकदीच्या मशीनला सॉफ्ट स्टार्ट (मोटर हळूहळू वेग घेते ती सोय) हवाच, नाहीतर बटण दाबताच हाताला असा हिसका बसतो की कड जागेवर राहत नाही.

स्विच

टेबलाखाली लावायचं तर स्विच दाबलेल्या अवस्थेत लॉक व्हायला हवा, हे सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत. साताऱ्याला माझ्या शेडमध्ये एकदा काम चालू असताना लाइट गेली. मी बिटावरचा भुसा झाडायला हात नेला, मध्येच फोन आला म्हणून बाजूला झालो, आणि तेवढ्यात लाइट आली. मशीन आपोआप सुरू झालं. त्या दिवसापासून टेबलाला एनव्हीआर स्विच आहे: वीज गेली की तो पडतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय काही फिरत नाही. राउटरच्या बजेटात तो आधीच धरा.

टेबलाची फळी

एमडीएफ वापरू नका, जुलैत फुगतं. १८ मिमीचं आयएस ७१० चं मरीन प्लाय, दोन्ही बाजूंनी सनमायका. मशीन टांगायची प्लेट अॅल्युमिनियमची. अॅक्रिलिकची प्लेट वर्षभर वजन झेलून मधोमध बसते.

शेवटी काय घ्यावं

जमत असेल तर दोन घ्या. हाताला ट्रिमर, उदाहरणार्थ मकिताचा आरटी०७००सी: ७१० वॅट, १०,००० ते ३०,००० आरपीएम, वजन दोन किलोच्या आत. टेबलात अर्धा इंची जड मशीन, ते परत बाहेर काढायचंच नाही. सहा किलोचं मशीन फळीच्या अरुंद कडेवर तोलत कड गोल करणाऱ्याला मी बघितलंय. शेवटच्या दोन इंचांत ते हमखास कलंडतं आणि कडेला चावा घेतं. दोन-अडीच हजारांत बिननावाचे ट्रिमर मिळतात, सनमायकाला ठीक, पण त्यांच्या कॉलेटवर माझा भरवसा नाही.

पहिल्या दिवशी टाकाऊ तुकड्यावर दिशा पक्की करा. हातात मशीन असताना कड तुमच्या समोर ठेवून डावीकडून उजवीकडे. टेबलावर मशीन उलटं, म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे. आणि लाकूड बिट आणि फेन्सच्या (लाकूड टेकवून सरकवायच्या आडपट्टीच्या) मधल्या फटीतून कधीही सरकवू नका. बिट ते हातातून हिसकावतं आणि समोरच्या भिंतीवर फेकतं. माझ्या शेडच्या पत्र्याला तसा एक पोचा अजून आहे.

बिल करताना कॉलेटची मापं मिमीमध्ये बिलावर लिहून घ्या, आणि कार्बन ब्रशची (मोटरमधल्या झिजणाऱ्या तुकड्यांची) एक जोडी त्याच वेळी मागा. वर्षभरानं ते मॉडेल बंद झालेलं असतं.