फ्युएल पंप बदलायच्या आधी फ्यूज आणि रिले बघा

जुनी मारुती ८०० एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), झेन, सँट्रो असली कुठलीही पेट्रोल गाडी सेल्फ मारला की फिरते पण स्टार्ट होत नाही, असं झालं की बरेच जण लगेच पंप गेला म्हणतात. थांबा जरा, पंपाला हजारो रुपये लागतात आणि फ्यूज येतो दहा-वीस रुपयांत. (कार्ब्युरेटरवाली ८०० असेल तर तिचा पंप इंजिनवरच आणि मेकॅनिकल, तिथे हे काही लागू नाही.)

आधी कान लावा. मागच्या सीटजवळ शांत बसा आणि दुसऱ्याला चावी ऑन करायला सांगा, सेल्फ नाही मारायचा. दोन-तीन सेकंद घूंऽ असा आवाज यायला पाहिजे, मग ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पंप बंद करतो. आवाज नाही आला तर फ्यूजकडे वळायचं.

फ्यूज बॉक्स एक ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली असतो, दुसरा बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली बॅटरीजवळ. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, नसला तर मॅन्युअल काढा. काही गाड्यांत रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा, विजेवर चालणारा स्विच) बॉक्समध्ये नसतोच, डॅशबोर्डखाली कुठेतरी ब्रॅकेटवर अडकवलेला असतो. आणि नंतर कोणी सिक्युरिटी अलार्म किंवा सीएनजी किट बसवलं असेल तर पंपाच्या वायरमध्ये जास्तीचा रिले घुसवलेला असू शकतो, तो आधी शोधा, जुन्या गाड्यांत घोळ बऱ्याचदा तिथेच असतो.

फ्यूज नुसता डोळ्याने बघून पास करू नका. पाठीवर दोन छोटे धातूचे टोक दिसतात, चावी ऑन ठेवून टेस्ट लॅम्प (एक वायर गाडीच्या बॉडीला लावून करंट बघायचा छोटा दिवा) दोन्हींवर लावा, एकीकडे पेटला आणि दुसरीकडे नाही म्हणजे फ्यूज उडालाय. नवीन तेवढ्याच अँपिअरचा टाका, निळा १५, पिवळा २०. सिगरेटच्या पाकिटाची चांदी किंवा मोठा फ्यूज अजिबात नको, वायर जळते आणि पेट्रोलच्या गाडीत हे जिवावर येतं. नवीनही लगेच उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा पंप जाम झालाय.

रिले चावी बंद करून काढा. अंगावर छोटं चित्र असतं, बहुतेकांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे. ८५-८६ म्हणजे आतल्या कॉइलची टोकं, त्यांच्यामध्ये मल्टिमीटरला साधारण ५० ते १२० ओहम दिसायला हवेत. सोपा उपाय म्हणजे हॉर्नचा अगदी त्याच नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. टकटक आवाज आला म्हणजे रिले चांगला असं नाही हं, आतले पॉइंट जळलेले असले तरी आवाज येतो! म्हणून सॉकेटमध्ये ३० वर (इथे करंट येतो, ८७ वरून पंपाकडे जातो) बॅटरीचं व्होल्टेज आहे का तेही बघा. ते असेल तर ३० आणि ८७ मध्ये फ्यूज असलेली जाड वायर क्षणभर जोडा, पंप बोलला तर रिले किंवा त्याला ईसीयूकडून येणारा कंट्रोल गडबड आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र हे करू नका, आधी लीक शोधा.

तरीही पंप गप्प असेल तर मागच्या सीटखालचा कनेक्टर उघडा, चावी ऑन केल्यावर त्या दोन-तीन सेकंदांत तिथे १२ व्होल्टच्या आसपास येतात का आणि अर्थिंग नीट आहे का ते बघा. दोन्ही ठीक असतील तरच पंपाचे पैसे मोजा.