टीव्हीचा मॉनिटर करताना कडा कापल्या जाणे आणि अक्षरे फुटणे : माझा अनुभव
फोर-के टीव्ही एचडीएमआयने संगणकाला जोडल्यावर टास्कबार अर्धवट कापला जात होता आणि रंगीत अक्षरांच्या कडा पसरट दिसत होत्या. केबल आणि रिझोल्यूशन बदलूनही उपयोग झाला नाही. वाचताना डोळे अक्षरशः शिणत.

प्रथम टीव्हीच्या इनपुट यादीत त्या पोर्टचे नाव बदलून ‘पीसी’ केले. हा बदल क्षुल्लक वाटला तरी सर्वांत परिणामकारक तोच, कारण अनेक टीव्ही त्यानंतरच रंगांची माहिती न घटवता, म्हणजे ४:४:४ स्वरूपात, दाखवतात. मग चित्राच्या आकारात ‘जस्ट स्कॅन’ (काही टीव्हींवर ‘स्क्रीन फिट’) निवडून ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र थोडे मोठे करून कडा कापण्याची सोय, बंद केले. त्यानंतर ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये रंगस्वरूप ‘आरजीबी’ आणि रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची व्याप्ती) ‘फुल’ ठेवली, टीव्हीची ब्लॅक लेव्हल, म्हणजे काळ्या रंगाची पातळी, तिच्याशी जुळवली आणि शेवटी शार्पनेस अक्षरांभोवतीची पांढरी किनार जाईपर्यंत कमी केला. फोर-के ६० हर्ट्झवर ४:४:४ साठी संगणक आणि टीव्ही या दोन्ही टोकांना किमान एचडीएमआय २.० आवश्यक आहे.