वंशभेदावरील कार्यशाळांसाठी प्रस्ताव कसे मागवावेत

वंशभेदाविषयी कार्यशाळा घ्यायचे ठरले की बहुतेक मंडळे आणि वाचनालये आधी वक्ता शोधू लागतात. त्याऐवजी लोकांकडून प्रस्ताव मागवणे अधिक कष्टाचे असले, तरी मी आग्रहाने तोच मार्ग सुचवीन. हा प्रश्न ज्यांना सर्वांत जवळून माहीत आहे ती माणसे वक्त्यांच्या कोणत्याही यादीत सापडत नाहीत. पुण्यात शिकणारा सुदानी विद्यार्थी, रुग्णालयात रात्रपाळी करणारी मणिपुरी परिचारिका, केशकर्तनालयात काम करणारी मिझो मुलगी, यांना कोणी व्याख्यानाला बोलावत नाही. मात्र आवाहन नीट लिहिलेले असेल तर ती स्वतःहून पुढे येऊ शकतात. आम्ही पहिल्या वर्षी काढलेले आवाहन शुद्ध, भारदस्त आणि केवळ मराठीत होते. त्यात 'विषयतज्ज्ञांनी' संस्थेच्या शिफारशीसह अर्ज करावा, असे आम्ही लिहिले होते. आलेले जवळजवळ सगळे प्रस्ताव वंशवादाच्या इतिहासावर भाषण देण्याचे होते आणि ज्यांना हा भेद रोज सोसावा लागतो त्यांच्यापैकी एकाचाही प्रस्ताव आला नाही. दोष त्यांच्या उदासीनतेचा नव्हता, आमच्या शब्दांचा होता. म्हणून आवाहनातील प्रत्येक अट लिहिताना, ती वाचून कोण मागे हटेल, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

पहिली अडचण नावाचीच येते. दक्षिण आफ्रिकेतील जुन्या राजवटीला आपल्या वृत्तपत्रांनी 'वर्णद्वेषी' म्हटले, त्यामुळे तो शब्द परिचित आहे. परंतु मराठी कानाला 'वर्ण' म्हणताच चातुर्वर्ण्यही आठवते आणि 'वर्णभेद' म्हणजे नेमका कोणता भेद, असा संभ्रम उरतो. 'वंशवाद' हा शब्द हिंदीभाषक वाचकाला घराणेशाहीचा वाटतो, कारण हिंदीत या अर्थी 'नस्लवाद' रूढ आहे. मी मराठी मजकुरात 'वंशभेद' आणि हिंदी मजकुरात 'नस्लभेद' वापरते आणि लगेच पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ उलगडून सांगते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या १९६५च्या करारातील व्याख्या आधाराला घेता येते. भारताने १९६८मध्ये मान्यता दिलेल्या या करारात वंश, रंग, कूळ आणि राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला भेदभाव वंशभेद मानला आहे. आवाहनात मात्र कलमांची भाषा नको. दिसण्यावरून, त्वचेच्या रंगावरून, नावावरून किंवा मूळ प्रदेशावरून माणसाला घर, काम आणि सन्मान नाकारला जाणे, एवढे सांगितले की कोणालाही कळते.

त्यानंतर आपल्या गावाशी असलेला संबंध स्पष्ट करावा, अन्यथा सगळे प्रस्ताव अमेरिकेबद्दल येतात. अमेरिका शिकण्यासारखी आहेच. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक निग्रो गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते आणि १९७२मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव तिथल्याच काळ्या तरुणांच्या 'ब्लॅक पँथर' चळवळीवरून घेतले. पण आवाहनात आपल्याकडचे प्रसंगही सांगावेत. ऑगस्ट २०१२मध्ये हल्ल्यांच्या अफवा पसरल्या तेव्हा ईशान्य भारतातील हजारो लोक पुणे आणि बंगळूर सोडून गावी परतले. जानेवारी २०१४मध्ये अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या तरुणाचा दिल्लीतील लाजपतनगरमध्ये झालेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्यातून केंद्र सरकारने ईशान्येकडील लोकांच्या अडचणी तपासणारी बेझबरुआ समिती नेमली. मार्च २०१७मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. करोनाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ईशान्येकडील माणसांना 'करोना' म्हणून हिणवले गेले. यांपैकी एकदोन प्रसंग पुरेत; सगळे मांडले तर आवाहनाचा अहवाल होतो. महाराष्ट्रात आणखी एक दुवा सहज सापडतो. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर मूळचा अबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा होता, मुरूड-जंजिऱ्यावर मूळ आफ्रिकी असलेल्या सिद्दी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या राज्य केले आणि तरीही 'हबशी', म्हणजे मूळ अर्थाने अबिसिनियाचा माणूस, हा शब्द आपल्या बोलण्यात शिवी होऊन बसला. हा शब्द असा कसा घसरला, यावर एखादी सुंदर कार्यशाळा होऊ शकते आणि तशी कोणी घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

जातीचा प्रश्न येणारच आणि तो यायला हवा. २००१मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे झालेल्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जातीवरील भेदभावाची चर्चा व्हावी असा दलित संघटनांचा आग्रह होता आणि भारत सरकारचा त्याला विरोध होता. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने करारातील 'कूळ' या शब्दात जात येते, असे स्पष्ट केले. त्यामुळे जात आणि वंश यांची सांगड घालणारे प्रस्ताव खुशाल स्वीकारावेत. एक दक्षता मात्र घ्यावी. 'आपल्याकडे खरा प्रश्न जातीचाच आहे' असे म्हणून नागा किंवा नायजेरियन माणसाचे म्हणणे बाजूला सारणारा प्रस्ताव, तसेच परदेशी काळ्या माणसाबद्दल कळवळा दाखवून शेजारच्या वस्तीबद्दल गप्प राहणारा प्रस्ताव, हे दोन्ही परत पाठवून दुरुस्त करून घ्यावेत.

आवाहनाचा मजकूर साधारण असा असावा: 'दिसण्यावरून, रंगावरून, नावावरून किंवा मूळ प्रदेशावरून होणारा भेदभाव कसा घडतो हे समजून घेण्यासाठी आणि तो मोडून काढण्याची कृती शिकण्यासाठी आम्ही मार्च महिन्यात ४ कार्यशाळा आयोजित करत आहोत. प्रत्येक कार्यशाळा २ ते ३ तासांची आणि सुमारे २५ जणांसाठी असेल. प्रस्ताव देण्यासाठी पदवी, संस्था किंवा शिफारस लागत नाही. मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत एक पान लिहून पाठवा किंवा ५ मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण पाठवा. कार्यशाळा कोणासाठी आहे, त्यात काय करून घेतले जाईल, त्यानंतर काय बदलावे अशी अपेक्षा आहे आणि आमच्याकडून कोणती मदत हवी आहे, एवढे सांगा. निवडलेल्या प्रत्येक कार्यशाळेसाठी मानधन, प्रवासखर्च आणि साहित्याचा खर्च दिला जाईल. स्वतःचे दुःखद अनुभव सांगणे बंधनकारक नाही.'

यातील शेवटच्या दोन वाक्यांबाबत कोणतीही तडजोड करू नये. मानधनाचा आकडा आवाहनातच छापावा, कारण 'योग्य मानधन' या शब्दांवर विसंबून कामावरची पाळी बुडवणे कोणाला परवडत नाही. अनुभव सांगण्याची सक्ती तर त्याहून वाईट. ज्याला घरमालकाने दारातून परत पाठवले त्याने ती गोष्ट अनोळखी लोकांपुढे पुन्हा पुन्हा सांगावी, श्रोत्यांनी डोळे पुसावेत आणि घरी जावे, असे कार्यक्रम मी पाहिले आहेत आणि सांगणाऱ्याची त्यानंतरची अवस्थाही पाहिली आहे. म्हणून प्रस्तावात वेदनेचे पुरावे मागू नयेत. सहभागी माणसे काय काम करतील ते विचारावे. तो चौथा प्रश्नही महत्त्वाचा आहे, कारण उत्तम कल्पना असलेल्या व्यक्तीला कधी फक्त मराठी बोलणारा सहकारी हवा असतो, तर कधी लहान मूल सांभाळणारे कोणी.

'मोडून काढणे' हा शब्द आवाहनात वापरला असेल तर तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला निवडीत सर्वाधिक वजन द्यावे. जागरूकता वाढेल, एवढेच उत्तर असेल तर पुन्हा विचारावे: कोणाची, आणि मग ती व्यक्ती वेगळे काय करील? याचे उदाहरण घरभाड्याचे देता येईल. राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांच्या वापराबाबत वंश, जात, जन्मस्थान इत्यादी कारणांवरून अडवणूक करण्यास मनाई आहे. खासगी घरमालकाचा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि घर दाखवणारे दलाल यांना समोर बसवून भाडेकरू नाकारण्याची नेहमीची वाक्ये तपासणारी कार्यशाळा मला शंभर जणांपुढच्या भाषणापेक्षा मोलाची वाटते. शिक्षकांनी वर्गातील टोपणनावांवर काम करणे, रिक्षाचालकांनी ईशान्येकडील प्रवाशांशी मोकळे बोलणे, विवाहजाहिरातींतील 'गोरी' आणि 'गव्हाळ' हे शब्द घेऊन घराघरांतल्या मुलींनी बोलणे, असे प्रस्ताव यावेत म्हणून आवाहनाखाली दोनतीन नमुने द्यावेत. मात्र ते नमुनेच आहेत हेही लिहावे.

आवाहन पोहोचवण्यासाठी सूचनाफलक पुरत नाही. विद्यार्थी संघटना, चर्च, वसतिगृहे, ईशान्येकडील जेवण मिळणारी छोटी उपाहारगृहे येथे प्रत्यक्ष जाऊन बोलावे लागते. परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसाची आणि नोंदणीची धास्ती असते, म्हणून ओळखपत्राची प्रत मागू नये आणि परवानगीशिवाय छायाचित्र काढणार नाही, असे लेखी द्यावे. २१ मार्च हा वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. १९६०मध्ये याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ जण ठार झाले होते. त्या सुमारास कार्यशाळा ठेवायच्या असतील तर आवाहन डिसेंबरमध्येच निघावे आणि प्रस्तावांसाठी ६ आठवडे मिळावेत. नाताळात ईशान्येकडचे बरेच जण गावी असतात, म्हणून मुदत जानेवारीच्या शेवटापर्यंत ठेवावी. एप्रिल-मे टाळावा, तेव्हा परीक्षा आणि सुट्ट्या असतात.

निवड समितीत निम्म्याहून अधिक जण हा भेदभाव सोसलेले असावेत आणि त्यांनाही त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे. एकाच 'ईशान्येकडच्या' माणसाला सगळ्यांच्या वतीने बोलायला बसवू नये. नागा, खासी, बोडो आणि मिझो यांचे प्रश्न, भाषा आणि परस्परसंबंध वेगवेगळे आहेत. भाषेच्या शुद्धतेला गुण देऊ नयेत. कार्यशाळेत कोणी घडलेल्या गुन्ह्याविषयी बोलले तर काय करायचे, हे निवडीपूर्वीच ठरवावे: जवळचे पोलीस ठाणे, सोबत जाणारी व्यक्ती आणि कायद्याची जाण असलेला वकील ठरलेला असावा. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ वंश, जन्मस्थान, भाषा इत्यादी कारणांवरून गटांत वैर पसरवण्यास शिक्षा सांगते, एवढे तरी आयोजकांना ठाऊक असावे. तक्रार करायची की नाही, हे मात्र सोसलेल्या व्यक्तीनेच ठरवायचे.

ज्यांचे प्रस्ताव निवडले नाहीत त्यांना प्रत्येकी वेगळे पत्र पाठवावे आणि त्यात खरे कारण लिहावे. पहिल्यांदाच धीर करून लिहिणाऱ्या व्यक्तीला ठरावीक नकार आला तर ती पुन्हा लिहीत नाही. उलट, 'कल्पना चांगली आहे, २५ जणांकडून काय करून घेणार ते कळले नाही, पुढच्या वेळी आपण बसून लिहू' असे पत्र आणि त्याखाली एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक मिळालेल्या एका तरुणीनेच दुसऱ्या वर्षी घर दाखवणाऱ्या दलालांसाठीची आमची कार्यशाळा घेतली.