भजन मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवडलेलं गाणं कसं टाकाचं

भाऊ, नुसती लिंक फेकू नका, कोणी उघडत नाही. तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन आयकून डोकं फिरलं असन तं कोणत्या मिनिटाले फिरलं ते लिहा, "२:१० पासून आयका" एवढं बी पुरते. मंग व्हॉइस नोट टाका, त्यात तोंडानं ठेका म्हणून दाखवा, खंजिरी कुठं थांबते न झांज कुठून घुसते ते सांगा, अन् पेटीवाल्यासाठी पट्टी, म्हंजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या बटनावर ते, सांगाच, काळी चार का पांढरी एक, नाहीतं तो रातभर विचारत बसते. स्टेटसवर ठेवू नका, २४ तासात उडते, अन् कापूस वेचाच्या दिवसात कोण पाहते बाप्पा? "लय भारी" लिहाचं असन तं काय भारी तेबी लिहा.