बडोद्याहून ब्रायटनला जाताय? दोन रात्री काढा आणि हे एवढं नीट करा

लंडनला मुलाकडे-मुलीकडे जाणारे आपले बडोदेकर बहुतेक वेळा ब्रायटन एका दिवसात उरकतात, सकाळी ट्रेन, दुपारी पिअरवर (समुद्रात बांधलेला लांब धक्का) फोटो, संध्याकाळी परत, आणि इकडे आल्यावर सांगतात की काय ते, गोटेच गोटे, वाळू पण नाही. माझं म्हणणं एवढंच की दोन रात्री तरी तिथे राहा, कारण ब्रायटनमध्ये आपल्या लोकांची एक जागा आहे ती एका दिवसात होतच नाही. ती म्हणजे छत्री, पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकांचं स्मारक. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

आधी कागदपत्रं. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो, बायोमेट्रिकला अहमदाबादला जावं लागतं आणि निकालाला साधारण ३ आठवडे धरून चाला, लग्नसराईसारखं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. बॅगेत थेपले, भाकरवडी, चिवडा जरूर न्या पण दुधाचं काहीही नको, म्हणजे पेढे, श्रीखंड, तूप सगळं बंद, स्वतःच्या खाण्यापुरतं सुद्धा नेता येत नाही. ताजा कढीपत्ता पण नको. नणंदेने कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा, एअरपोर्टवर टाकून द्यावं लागतं.

जायचं कसं, तर लंडन व्हिक्टोरियाहून थेट ट्रेन, तासाभरात ब्रायटन. लंडन ब्रिज आणि सेंट पँक्रसहून थेम्सलिंकच्या गाड्या आहेत त्यांना वेळ थोडा जास्त लागतो पण तिकीट बरेचदा स्वस्त मिळतं. तुमचं विमान गॅटविकला उतरत असेल तर लंडनमध्ये शिरूच नका, एअरपोर्टच्या स्टेशनवरूनच ब्रायटनची गाडी आहे आणि अर्ध्या तासात पोचता. एक लक्षात ठेवा, लंडनचं ऑयस्टर कार्ड गॅटविकपर्यंतच चालतं, पुढे ब्रायटनचं वेगळं तिकीट काढावं लागतं. सकाळच्या ऑफिसच्या गर्दीनंतर निघालात तर भाडं कमी पडतं, आणि रविवारी जाणार असाल तर आदल्या रात्री ॲपवर बघून घ्या कारण रुळांची कामं काढतात आणि मध्येच बसमध्ये बसवतात, आईबाबा बरोबर असले की ते फार त्रासाचं होतं.

स्टेशनवरून बाहेर पडलात की सरळ उतार, क्वीन्स रोड धरून पंधरा-वीस मिनिटांत समुद्र. येताना तोच चढ आहे, म्हणून सत्तरीच्या माणसांना परतीला बसमध्ये बसवा. वाटेत जराशी वाट वाकडी केली तर सेंट निकोलस चर्च लागतं, तिथे साके दीन महंमद यांची कबर आहे, मूळचे पाटण्याचे, त्यांनी ब्रायटनमध्ये वाफेची आणि मालिशची स्नानगृहं चालवली आणि राजा चौथा जॉर्ज त्यांच्याकडून मालिश करून घ्यायचा.

आता समुद्र. वाळू नाही हे खरं आहे, पण त्याला नावं ठेवायच्या आधी तयारीने जा. जाड तळव्याचे बूट किंवा पाण्यात घालायचे रबरी बूट हवेत, चपला गोट्यांत रुततात आणि घोटा मुरगळतो. किनारा एकदम खोल होतो, दोन पावलं गुडघाभर आणि तिसऱ्या पावलाला कंबर, त्यामुळे पोहता येत नसेल त्यांनी काठावरच बसावं आणि मुलांना लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात सोडावं, उन्हाळ्यात लाइफगार्ड तिथेच लक्ष ठेवून असतात. पाणी ऑगस्टमध्ये सुद्धा गार असतं. लाट मागे जाते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवर घसरत खाली जातात आणि जो खळखळाट होतो ना, तो दीव-दमणला कधी ऐकायला मिळणार नाही, संध्याकाळी नुसतं बसून तेवढंच ऐका. आणि हो, जूनमध्ये नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, तेव्हा संध्याकाळ भरपूर मोठी मिळते, पण वारा असतो, जॅकेट न्याच.

पॅलेस पिअर १८९९ चा, अर्धा किलोमीटरहून थोडा जास्त लांब, त्यावर पाळणे, खेळ, खाणंपिणं. थोडं पश्चिमेला समुद्रात एक लोखंडी सांगाडा उभा दिसतो तो जुना वेस्ट पिअर, १८६६ चा, १९७५ ला बंद पडला आणि २००३ ला आगी लागून एवढाच उरला. हिवाळ्यात गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी तिथे थांबा, मैनेच्या जातीच्या पक्ष्यांचे प्रचंड थवे पिअरवर घिरट्या घालतात आणि एकाच वेळी वळतात. लहान मुलं असतील तर व्होल्क्सची इलेक्ट्रिक रेल्वे चुकवू नका, १८८३ पासूनची आहे, आजही चालणाऱ्या विजेच्या रेल्वेंमध्ये जगातली सगळ्यात जुनी, फक्त ती हिवाळ्यात बंद असते.

खाण्याचं, शाकाहारी असाल तर ब्रायटन खूप सोपं आहे, इंग्लंडमधल्या बऱ्याच शहरांपेक्षा जास्त पर्याय आहेत, नॉर्थ लेनच्या गल्ल्यांमध्ये फिरा, मिळतंच. पण किनाऱ्यावरच्या दुकानात नुसते चिप्स घेताना सुद्धा विचारा की कशात तळलेत, काही ठिकाणी बीफ ड्रिपिंग म्हणजे गाईच्या चरबीत तळतात, आणि तेल असलं तरी मासे त्याच कढईत असू शकतात. दुकानदार न चिडता सांगतात. आणि हातात चिप्स घेऊन उघड्यावर उभं राहू नका, सीगल मागून येऊन हातातून उचलून नेतात, भिंतीला पाठ लावून बसा.

आता रॉयल पॅव्हिलियन, म्हणजे त्याच चौथ्या जॉर्जचा राजवाडा. पहिल्यांदा बघताना बडोदेकराला वाटेलच की अरे हे तर आपल्याकडचं. घुमट, मिनार, जाळ्या. राजपुत्र असताना जॉर्जने जॉन नॅश या आर्किटेक्टकडून १८१५ ते १८२२ मध्ये हे रूप करून घेतलं, आणि नॅशने हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता. आपला बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा १८९० ला पुरा झाला, तो पण इंग्रज आर्किटेक्टच्याच हातून, तेव्हा दोन्ही डोक्यात ठेवून बघा, जास्त मजा येते. आत सगळं चिनी थाटाचं आहे, जेवणाच्या दालनात छताला एक ड्रॅगन आहे आणि त्याच्या पंजात भलं मोठं झुंबर, तिथे मान वर करून पाच मिनिटं तरी थांबा.

पण माझ्या मते खरं बघायचं ते आतल्या हिंदी सैनिकांच्या हॉस्पिटलबद्दलच्या खोलीत आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या आपल्या सैनिकांसाठी डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत हा राजवाडा हॉस्पिटल होता, झुंबराखाली ओळीने खाटा लावलेले फोटो आहेत. धर्म-जातीप्रमाणे वेगळी स्वयंपाकघरं, पाण्याचे वेगळे नळ, पाट्या उर्दू-हिंदी-गुरुमुखीत, शिखांसाठी हिरवळीवर तंबूत गुरुद्वारा. बाहेर दक्षिणेच्या दाराला जो इंडिया गेट आहे तो हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांनी आणि लोकांनी आभार म्हणून दिलेला, १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी त्याचं उद्घाटन केलं, आणि त्याची घडण गुजराती धाटणीची आहे, तेव्हा त्याच्या खांबांपाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री. हॉस्पिटलमध्ये जे हिंदू आणि शीख सैनिक वारले त्यातल्या ५३ जणांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, त्याच जागेवर पांढऱ्या संगमरवराची आठ खांबांची छत्री आहे, १९२१ च्या फेब्रुवारीत प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं, आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण आर्किटेक्टचा. पुढे ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा आहेत, चितांचे चौथरे त्यांच्याखाली आहेत. बाजूच्या भिंतीवर नावं कोरलेली आहेत, २०१० मध्ये बसवली, ती सगळी वाचा, मोठ्याने वाचा.

गाडी वरपर्यंत जात नाही. पॅचमकडे जाणारी बस घ्या आणि तिथून पायवाटेने चढा, रमतगमत पाऊण तास धरा, मॅपवर रस्ता आधी डाउनलोड करून ठेवा. वाटेत कुरणांची फाटकं लागतात, उघडलेलं फाटक लगेच बंद करा, मेंढ्या-गाई असतात. पाऊस पडून गेला असेल तर चिखल, वर दुकान नाही, टॉयलेट नाही, पाणी बरोबर हवं. फुलं न्या, दिवा-अगरबत्ती पेटवू नका, उन्हाळ्यात गवत सुकलेलं असतं. जूनमध्ये दरवर्षी तिथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो, तारीख जुळत असेल तर त्याच दिवशी जा.

दुपारी मोकळे असाल तर होव्ह, शेजारीच आहे, शांत. क्रिकेटवाल्यांनी काउंटी ग्राउंड बघावं, रणजितसिंहजी ससेक्सकडून इथेच खेळायचे, १८९९ मध्ये एका मोसमात ३००० धावा करणारे पहिले बॅट्समन. त्यांच्या नावाची रणजी ट्रॉफी आपल्या बडोद्याने पाच वेळा आणली आहे, तेव्हा बडोद्याच्या मोती बाग मैदानावर मॅच बघत मोठा झालेला माणूस ते न बघता आला तर काय उपयोग.

एक दिवस अजून असेल तर सेव्हन सिस्टर्स, खडूचे पांढरेशुभ्र कडे. ईस्टबोर्नकडे जाणारी १२ नंबरच्या मार्गाची बस, वरच्या मजल्यावर उजवीकडे बसा म्हणजे समुद्र दिसत राहतो, तासाभराने एक्सीट (Exceat) या स्टॉपला उतरा. तिथून नागमोडी ककमिअर नदीच्या काठाने समुद्रापर्यंत सपाट वाट आहे, वयस्कर लोकांना जमते. कड्यावर चढलात तर टोकापासून लांब, चांगलं लांब राहा, खालून पोखरलेला खडू न सांगता ढासळतो, कुंपण जवळजवळ कुठेच नाही, फोटोसाठी कुणालाही काठावर उभं करू नका. खाली किनाऱ्याने चालायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघूनच, भरतीत माणूस कड्याखाली अडकतो.

हॉटेल मंगळवार-बुधवारचं घ्या, शनिवारी भाव खूप चढतात, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला प्राइडचा, म्हणजे समलिंगी लोकांच्या मोठ्या उत्सवाचा, वीकएंड असतो तेव्हा खोल्या मिळणं अवघड, ती तारीख आधी बघा आणि मगच तिकिटं काढा.