पुळणीवरचे प्लास्टिकचे दाणे : शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडेल असा नमुना कसा गोळा करावा

भरती ओसरल्यावर पुळणीवर काडीकचऱ्याची जी रेघ उरते, तिच्यात नीट पाहिल्यास मसुराएवढे पांढरे, पारदर्शक किंवा पिवळट दाणे सापडू शकतात. बादल्यांपासून पिशव्यांपर्यंतच्या बहुतेक प्लास्टिक वस्तू ज्या कच्च्या मालापासून बनतात, तो हाच. कारखाने, गोदामे, बंदरे आणि मालवाहतूक यांतून हे दोन ते पाच मिलिमीटरचे दाणे सांडतात, गटारे व खाड्यांमधून समुद्रात जातात आणि वर्षानुवर्षे तरंगत राहतात. सफाई मोहिमेत बाटल्या आणि जाळी उचलली जातात, हे दाणे मात्र वाळूतच राहतात. शास्त्रज्ञांना सर्वाधिक माहिती देणारा कचरा नेमका हाच आहे, आणि तो गोळा करण्यासाठी साधी चिमटी आणि शिस्त पुरेशी होते.

पॉलिएथिलिनसारखे प्लास्टिक पाण्यात न विरघळणारी विषारी द्रव्ये स्वतःत ओढून घेते. पीसीबी (पूर्वी विद्युत उपकरणांच्या तेलात वापरली जाणारी रसायने), डीडीटी हे कीटकनाशक आणि त्याचे अवशेष यांचे दाण्यांमधील प्रमाण भोवतालच्या पाण्यातील प्रमाणाच्या एक लाख ते दहा लाख पट असू शकते. तोक्यो कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातील हिदेशिगे ताकादा यांनी याच गुणधर्माचा उपयोग करून २००५ मध्ये ‘इंटरनॅशनल पेलेट वॉच’ हा उपक्रम सुरू केला. जगभरातील स्वयंसेवकांनी आपल्या किनाऱ्यावरचे दाणे टपालाने पाठवायचे आणि प्रयोगशाळेने त्यांतील विषद्रव्ये मोजायची, अशी ही योजना आहे. समुद्राचे पाणी हजारो लिटर गाळून तपासण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांत १७ देशांतील ३० किनारे होते. त्यांत अमेरिकेच्या किनाऱ्यांवर पीसीबी सर्वाधिक, तर व्हिएतनाममध्ये डीडीटीचे प्रमाण मोठे आढळले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कोकणात नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रातील तरंगता कचरा किनाऱ्याकडे लोटतात, परंतु ऐन पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राजवळ गट नेणे धोक्याचे असते. म्हणून पाऊस ओसरल्यावरचे दिवस निवडावेत. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती सर्वांत वर पोहोचते, आणि तिने सोडलेली रेघ पुढचे उधाण येईपर्यंत बरीचशी टिकून राहते. भरती उतरू लागल्यानंतर याच रेषेवर शोध घ्यावा. वेळाससारख्या, ऑलिव्ह रिडले कासवे जेथे अंडी घालतात अशा किनाऱ्यांवर विणीच्या हंगामात भरतीरेषेच्या वरची वाळू अजिबात उकरू नये आणि स्थानिक कासवमित्रांना विचारल्याशिवाय काम सुरू करू नये.

रासायनिक तपासणीसाठीचा नमुना गोळा करताना सर्वाधिक काळजी हातांची घ्यावी लागते. प्रयोगशाळेतील मोजमाप एका ग्रॅममागे नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या, पातळीवर चालते, त्यामुळे अंगाला लावलेले क्रीम किंवा डास पळवणारे मलम दाण्याला लागले, तर मापन बिघडू शकते. हात साबणाने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून आणि वाळवूनच कामाला लागावे, अथवा स्टीलचा चिमटा वापरावा. दाणे प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डबीत ठेवू नयेत. ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून कागदी पाकिटात ठेवावेत. ते साबणाने धुण्याचा मोह टाळावा, कारण आपल्याला हवे असते ते त्यांवर आणि त्यांच्यात साठलेलेच.

एका किनाऱ्यावरून १०० ते २०० दाणे लागतात. हा आकडा जास्त वाटेल, पण एखादा दाणा कालच खाडीतून आलेला असतो, तर शेजारचा कित्येक वर्षे वाहत आलेला असतो, आणि दोघांतील विषद्रव्यांचे प्रमाण फार वेगळे असू शकते. म्हणूनच प्रयोगशाळेत दाण्यांचे प्लास्टिकच्या प्रकारानुसार आणि पिवळेपणानुसार गट पाडतात, प्रत्येक गट स्वतंत्रपणे तपासतात आणि त्यांतील मधले मूल्य त्या किनाऱ्याचे मानतात. पिवळसर पडलेले दाणे अधिक काळ समुद्रात राहिलेले असल्यामुळे विशेष उपयुक्त असतात; ते घाणेरडे समजून टाकून देऊ नयेत. ओळखण्यात शंका आली तर दाणा बोटांत दाबावा. थर्माकोलचा मणी चेपतो, माशाचे अंडे फुटते, दाणा मात्र टणक राहतो. समुद्राच्या पाण्यात टाकल्यास वाळूचा खडा आणि शिंपल्याचा तुकडा बुडतो, पॉलिएथिलिनचा दाणा तरंगतो.

पाकिटावर पेन्सिलीने किनाऱ्याचे नाव, अक्षांश-रेखांश, दिनांक आणि वेळ लिहावी. अक्षांश-रेखांश मोबाइलवर मिळतात. जवळच्या खाडीचे मुख, बंदर, कारखाना किंवा सांडपाण्याचा नाला यांचीही नोंद करावी. पाठवण्यापूर्वी प्रयोगशाळेशी पत्रव्यवहार करून त्यांच्या चालू सूचना मागवाव्यात आणि निकाल कोणत्या स्वरूपात मिळेल हे विचारून घ्यावे. निकाल आल्यावर तो मराठीत लिहून ग्रामपंचायतीत आणि मच्छीमार सोसायटीत पोहोचवणे हा कामाचाच भाग आहे, कारण त्या पाण्यावर ज्यांचे पोट आहे त्यांना तो सर्वांआधी कळायला हवा.

दाण्यांची मोजणी हे वेगळे काम आहे आणि ते नमुन्यात मिसळू नये. किनाऱ्याचा एक ठरावीक पट्टा निवडावा, दर वेळी तितक्याच लोकांनी तितकाच वेळ शोध घ्यावा आणि सापडलेल्या दाण्यांची संख्या लिहावी. एकही दाणा न सापडल्यास ‘शून्य’ असे आवर्जून नोंदवावे. कोरी जागा पाहून शोध घेतलाच नव्हता की दाणे नव्हतेच, हे कोणालाही सांगता येत नाही. त्याच दिवशी सफाई मोहीम असेल तर आधी नमुना आणि मोजणी, मग सफाई, हा क्रम मोडू देऊ नये.

नियमित मोजणीचे खरे मोल अपघाताच्या वेळी कळते. २०२१ च्या मे महिन्यात गुजरातमधील हजिऱ्याहून कोलंबोला गेलेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजाला तेथे आग लागली, आणि त्यातील सुमारे १,६८० टन दाण्यांचा सडा श्रीलंकेच्या समुद्रात व किनाऱ्यांवर पडला. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापुढे ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडाले आणि त्यातील दाणे वेचण्यासाठी तिरुवनंतपुरमच्या पुळणींवर स्वयंसेवकांना चाळण्या घेऊन उतरावे लागले. अशा वेळी नुकसानभरपाईचा प्रश्न येतो, आणि जहाजावरून काय आले व आधीपासून काय होते हे दाखवायला जुन्या नोंदी लागतात. असा प्रसंग आपल्या किनाऱ्यावर आल्यास जळके, काळवंडलेले दाणे उघड्या हाताने उचलू नयेत. प्रशासनाला कळवून, त्यांच्या परवानगीने हातमोजे घालून चिमट्याने थोडा नमुना घ्यावा, प्रत्येक दिवसाचे पाकीट वेगळे ठेवावे, दाणे जागेवर असतानाची छायाचित्रे काढावीत आणि एक संच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देऊन त्याची पोच लेखी घ्यावी.